सरीच्या टोकाशी दिवा : ब्रेडबोर्डावरील पहिले सर्किट

शेतीच्या धंद्यात विजेचा प्रवेश झाला तो मुख्यतः पाणी उपसण्याच्या कामी. मोट गेली, इंजिन आले, त्यामागून विजेचा पंप आला. आणि आज आमच्या हिंगोली जिल्ह्यात विहिरीवर वा बोअरवर पंप नाही असा बागाईतदार विरळाच. परंतु वीज म्हणजे पंप फिरविणारी दांडगी शक्ती एवढीच ओळख शेतकऱ्यास झाली आहे. खबर देणारी, राखण करणारी, थोडक्यात खर्चाची अशी जी दुबळी वीज, तिच्याशी त्याचा परिचय अजून व्हावयाचा आहे. तो परिचय घरच्या घरी, दोन-तीनशे रुपयांच्या आत व कोणताही धोका न पत्करता कसा करून घेता येईल, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ह्या परिचयाची निकड कोठे भासते ते आधी पाहू. शेतीपंपाची वीज पाळीने येते, आणि पाळी पुष्कळदा रात्रीची असते. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हाती घेतली. तथापि ज्यांच्या वाट्यास अद्याप रात्रीची पाळी येते, त्यांस अंधारातच दारे धरावी लागतात. ह्या त्रासावर पुष्कळांनी पंपास ‘ऑटो’ बसविला. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो, मालक आखाड्यावर वा गावात निजून राहतो. सोय मोठी खरी. परंतु तीत एक उणीव आहे. वीज आली हे ऑटोस कळते. पाणी कोठवर गेले हे त्यास कळत नाही. पाणी सरीच्या टोकाशी पोचून धुऱ्यावरून शेजाऱ्याच्या रानात उतरले, तरी पंप चालूच.

आमची जमीन काळी, चिकणमातीची. तीत पाणी सावकाश मुरते आणि एकदा साचले म्हणजे लवकर हटत नाही. वसमत, कळमनुरी वगैरे भागांत हळदीचे पीक मोठे. ते रानात आठ-नऊ महिने उभे असते, आणि वाफ्यात पाणी तुंबून राहिले की पिथियमसारख्या बुरशींस आयते आमंत्रण मिळून कंदकूज सुरू होते. म्हणजे पाणी कमी पडल्याने जसे नुकसान, तसेच ते वेळेवर बंद न केल्यानेही. ते वेळेवर बंद करावे म्हणून मनुष्य रात्री हाती विजेरी घेऊन सरी-सरीतून हिंडतो; त्यात साप-विंचवाचे भय आहे, आणि ओल्या अंगाने स्टार्टरास हात लावण्याचे भय त्याहून अधिक आहे. ‘पाणी सरीच्या टोकाशी पोचले’ एवढी एकच वार्ता बांधावर बसल्या जागी कळली, तर ह्यातील बरीच यातायात वाचेल. हीच वार्ता देणारे सर्किट नवशिक्याने प्रथम करावे, अशी आमची शिफारस आहे.

ब्रेडबोर्ड म्हणजे काय

विजेच्या प्रवाहाने एका टोकाकडून निघून भागांमधून जात पुन्हा दुसऱ्या टोकाशी यावे, अशी जी वाट तिला सर्किट म्हणतात. ते कायमचे करावयाचे तर भाग डाक देऊन जोडावे लागतात, आणि चूक झाली तर डाक उपटावा लागतो. ही अडचण टाळण्यासाठी ब्रेडबोर्ड असतो. पूर्वी रेडिओचा नाद असलेली मंडळी घरातील पाव कापण्याच्या लाकडी पाटावर खिळे ठोकून त्यांस तारा गुंडाळीत. त्यावरून हे नाव पडले. डाकाशिवाय भाग खोचता येतील असा हल्लीचा प्लास्टिकचा बोर्ड अमेरिकेत ‘ई. अँड एल. इन्स्ट्रुमेंट्स’ ह्या कंपनीतील रोनाल्ड पोर्तुगाल ह्यांनी १९७१ साली तयार केला.

बोर्डास लहान लहान छिद्रे असून दोन छिद्रांत २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा हिस्सा, अंतर असते. ४०० छिद्रांचा लहान बोर्ड आपल्या कामास पुरेसा आहे. त्याच्या मध्यभागी एक खाच असते. खाचेच्या प्रत्येक बाजूस पाच-पाच छिद्रांच्या ओळी असून त्यांवर १ पासून ३० पर्यंत आकडे असतात. एका ओळीतील पाचही छिद्रे आतून एकाच धातूच्या पट्टीने जोडलेली असतात. परंतु एका ओळीचा शेजारच्या ओळीशी काही संबंध नसतो, व खाचेपलीकडील पाचांशीही नसतो. बोर्डाच्या दोन्ही कडांस लांबवर जाणाऱ्या तांबड्या व निळ्या रेघा असतात; तांबडीजवळील छिद्रे बॅटरीच्या धन टोकासाठी व निळीजवळील ऋण टोकासाठी वापरण्याचा प्रघात आहे. मोठ्या बोर्डांपैकी काहींत ह्या लांब पट्ट्या मध्येच तुटलेल्या असतात, हे ध्यानात ठेवावे. पाट कोठून निघतो व कोणत्या सऱ्यांस लागतो हे कळले म्हणजे शेत कळले. त्याचप्रमाणे कोणते छिद्र कोणाशी जोडलेले हे कळले म्हणजे बोर्ड कळला. आरंभी जी फजिती होते तिचे बहुतेक कारण हेच न कळणे होय.

साहित्य

४०० छिद्रांचा ब्रेडबोर्ड एक; ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी व तिची टोपी; बीसी ५४७ ह्या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर (एखादा जास्तीचा घ्यावा); तांबडा एल.ई.डी. दिवा; १,००० ओहमचा एक व १०,००० ओहमचा एक असे दोन रेझिस्टर; बोर्डावर खोचण्याच्या तारा; आणि पाण्यात ठेवण्यास दोन सळया. रेझिस्टरवर आकडा नसतो, रंगीत पट्टे असतात. १,००० ओहमवर तपकिरी, काळा, तांबडा, आणि १०,००० ओहमवर तपकिरी, काळा, नारिंगी अशा क्रमाने तीन पट्टे व पुढे बहुधा सोनेरी पट्टा येतो. सळयांसाठी सायकलीच्या चाकातील न गंजणारे आरे चालतात. अथवा संपलेल्या साध्या सेलमधील कोळशाच्या कांड्या त्याहून उत्तम. तांब्याची उघडी तार फार दिवस टिकत नाही. कारण पाण्यातून एकाच दिशेने प्रवाह गेला म्हणजे धन बाजूची तार झिजत जाते.

जुळणी

जुळणी एकदम करू नये, टप्प्याटप्प्याने करावी. सर्व भाग खाचेच्या एकाच बाजूस ठेवावेत.

पहिला टप्पा दिव्याचा. एल.ई.डी.चा लांब पाय धन बाजूचा व आखूड पाय ऋण बाजूचा असतो. उलट लावल्यास तो लागत नाही. लांब पाय ओळ ९ मध्ये व आखूड पाय ओळ १० मध्ये खोचावा. १,००० ओहमच्या रेझिस्टरचे एक टोक ओळ ९ मध्ये व दुसरे तांबड्या पट्टीत द्यावे. ओळ १० पासून निळ्या पट्टीपर्यंत एक तार घालावी. आता बॅटरी जोडली की दिवा लागला पाहिजे. न लागल्यास दिवा उलट आहे, की एखादा पाय शेजारच्या ओळीत गेला आहे, ते पाहावे. दिवा लागल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ह्या रेझिस्टरचे काम प्रवाह आवरण्याचे. बॅटरीच्या ९ व्होल्टपैकी सुमारे २ व्होल्ट दिव्यावर खर्च होतात, उरलेले रेझिस्टरवर. त्यामुळे प्रवाह ७ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. रेझिस्टर गाळून दिवा सरळ बॅटरीस जोडला तर तो क्षणात निकामी होतो.

दुसरा टप्पा ट्रान्झिस्टरचा. आधी बॅटरी काढावी आणि ओळ १० पासून निळ्या पट्टीस गेलेली तार काढून टाकावी. ट्रान्झिस्टरची एक बाजू चपटी असते. ती आपल्याकडे व पाय खाली असे धरल्यास बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस व एमिटर ह्या क्रमाने येतात. दुसऱ्या क्रमांकाच्या ट्रान्झिस्टरात हा क्रम निराळा असू शकतो. पाय किंचित फाकवून कलेक्टर ओळ १० मध्ये, बेस ओळ ११ मध्ये व एमिटर ओळ १२ मध्ये बसवावा. ओळ १२ पासून निळ्या पट्टीस तार द्यावी. १०,००० ओहमचा रेझिस्टर ओळ ११ पासून ओळ १६ पर्यंत आडवा घालावा. आता दोन लांब तारा घ्याव्यात. एक ओळ १६ मध्ये व दुसरी तांबड्या पट्टीत खोचावी. ह्या दोन तारांची मोकळी टोके म्हणजेच पुढे सळयांस जोडावयाची टोके.

बॅटरी पुन्हा जोडावी. टोके सुटी असता दिवा विझलेला असावा; ती एकमेकांस टेकविताच तो पूर्ण लागावा. असे झाले म्हणजे सर्किट सिद्ध झाले.

तिसरा टप्पा पाण्याचा. पेल्यात विहिरीचे पाणी घेऊन त्यात दोन्ही सळया बोटभर अंतराने बुडवाव्यात. दिवा लागेल. पाणी वीज वाहून नेते ते त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. म्हणून विहिरीच्या जड पाण्यात दिवा चांगला लागतो, तर पावसाच्या शुद्ध पाण्यात तो मंद लागण्याचा संभव असतो. पेल्यात चिमूटभर मीठ टाकून हा फरक मुलांस दाखवावा.

हे घडते कसे

वाचक विचारील, की पाणी वीज वाहून नेतेच, तर दिवा व बॅटरी ह्यांमध्ये नुसत्या सळया ठेवल्या तर काय बिघडले? बिघडते ते असे. दोन सळयांमधील पाण्याचा विरोध समजा २०,००० ओहम आहे. त्यातून पाव मिलिअँपिअरच्या सुमारास प्रवाह जाईल. तेवढ्याने दिवा जेमतेम मिणमिणेल, दूरवरून दिसणार नाही. ट्रान्झिस्टरचा गुण हा, की त्याच्या बेसमध्ये थोडा प्रवाह शिरला की कलेक्टरपासून एमिटरकडे त्याच्या शंभरपट वा अधिक प्रवाहास वाट मोकळी होते. पाटाच्या दारावरची फळी उचलण्यास एका हाताचे बळ पुरते, पण त्या दारातून वाहते ते सारे पाटाचे पाणी. फळी उचलणारा हात म्हणजे पाण्यातून आलेला तो पाव मिलिअँपिअर. दारातून वाहणारे पाणी म्हणजे दिव्याचे ७ मिलिअँपिअर. पहिला ट्रान्झिस्टर बार्डीन व ब्रॅटेन ह्यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये चालवून दाखविला. त्यांस व शॉकली ह्यांस १९५६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोच गुण आज दोन-चार रुपयांच्या पुडीत मिळतो.

१०,००० ओहमचा रेझिस्टर कशास, हेही ह्यावरून कळेल. तो नसता आणि सळया चुकून एकमेकींस टेकल्या असत्या, तर बॅटरीचा सारा प्रवाह बेसमध्ये शिरून ट्रान्झिस्टर जळाला असता. नवशिका हा रेझिस्टर ‘त्यावाचूनही दिवा लागतो’ म्हणून वगळतो. लागतो खरा, पण बांध फुटण्याची वाट पाहत लागतो.

शेतात नेताना

बोर्डावर सिद्ध झालेले सर्किट बोर्डासह शेतात नेऊ नये. धक्क्याने भाग सुटतात, दमट हवेत पट्ट्यांवर मळ धरतो. ब्रेडबोर्ड हा प्रयोगाचा वाफा आहे. नवे वाण आपण आधी वाफ्यात पारखतो व मग रानात नेतो, तसेच येथे करावे. बोर्डावरील जुळणी जशीच्या तशी छिद्रे असलेल्या साध्या पी.सी.बी.वर डाक देऊन उतरावी आणि झाकणाच्या प्लास्टिक डबीत ठेवावी. दिव्याऐवजी वा दिव्याबरोबर वाजणारा लहान बझर हवा असल्यास १०० मिलिअँपिअरहून पुष्कळ कमी प्रवाह घेणारा निवडावा. बीसी ५४७ ची मर्यादा तेवढीच आहे.

बेसकडे जाणारा प्रवाह अत्यल्प असल्याने सळया सरीच्या टोकाशी व डबी आखाड्यावर ठेवता येते. मधली साधी दुपदरी तार लांब असली तरी तिचा विरोध पाण्याच्या विरोधापुढे नगण्य असतो. सळया कोरड्या प्लास्टिकच्या पट्टीवर बसवाव्यात, लाकडावर नव्हे. ओले लाकूड स्वतःच वाट करून देते व दिवा लागलेलाच राहतो. टोके सरीच्या तळापासून दोन बोटे वर ठेवावीत, म्हणजे नुसत्या ओलीने दिवा न लागता वाहत्या पाण्यानेच लागेल. पाळी झाल्यावर सळयांमधील चिखल पुसून काढावा. आणखी एक गोष्ट : पंप बंद केल्यावरही सरीतील पाणी काही वेळ पुढे सरकतच असते. यास्तव सळया अगदी टोकाशी न रोवता काही हात अलीकडे रोवाव्यात. किती अलीकडे, हे ज्याने त्याने आपल्या रानाचा उतार पाहून दोन-तीन पाळ्यांत ठरवावे.

पाणी नसता हे सर्किट बॅटरी जवळजवळ खातच नाही. दिवा सतत लागून राहिला तर मात्र ५० तासांच्या आसपास बॅटरी उतरेल.

आता दोन सूचना निक्षून सांगावयाच्या आहेत. हे सर्किट पंपाच्या स्टार्टरास, घरातील २३० व्होल्टच्या वा शेतातील तीन फेजच्या विजेस कोणत्याही रीतीने जोडू नये. ब्रेडबोर्ड त्या विजेसाठी नाहीच. पंप आपोआप बंद व्हावा अशी इच्छा असल्यास ते काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे; आपले सर्किट फक्त वार्ता देते, बटण मनुष्यानेच दाबावयाचे. दुसरे असे, की मृगाच्या व परतीच्या पावसात आमच्याकडे विजा पुष्कळ पडतात. आभाळ गडगडू लागले की रानातील लांब तार डबीपासून सोडवून ठेवावी आणि तिच्याजवळ जाऊ नये.

मातीची ओल मोजता येईल काय

हा प्रश्न लागलीच उद्भवतो. सळया मातीत खुपसल्या तर ओल्या मातीत दिवा लागतो, वाळलेल्या मातीत मंदावतो वा विझतो. हे कुंडीत करून पाहण्यासारखे आहे. परंतु त्यावरून हळदीस पाणी केव्हा द्यावे हे ठरवू नये. मातीचा विरोध केवळ ओलीवर अवलंबून नसतो. क्षार, नुकतेच दिलेले खत, आणि सळईस माती किती घट्ट बिलगली आहे ह्यांवरही तो बदलतो. काळी माती वाळली म्हणजे भेगाळते, सळई मोकळी पडते व दिवा खोटे सांगतो. ही अडचण जाणूनच अमेरिकेतील मिशिगन येथे जॉर्ज बुयूकॉस ह्यांनी १९४० साली जिप्समच्या ठोकळ्यात विजेची टोके बसवून तो जमिनीत पुरण्याची रीत प्रसिद्ध केली. ठोकळा भोवतालच्या मातीइतका ओला होतो, आणि जिप्सम थोडे विरघळत असल्याने क्षारांचा फरक बराच झाकला जातो.

ह्यातून घ्यावयाचा बोध असा. ‘पाणी आहे की नाही?’ हा एक प्रश्न. ‘ओल किती आहे?’ हा अगदी दुसरा. पहिल्याचे उत्तर एक ट्रान्झिस्टर प्रामाणिकपणे देतो. दुसऱ्यासाठी मोजमाप, तुलना व पुष्कळ नोंदी लागतात. पहिल्या प्रश्नावर हात बसण्याआधी जो दुसऱ्यास हात घालतो, त्यास यंत्राने दिलेले उत्तर खरे की खोटे हे ओळखता येत नाही. आणि खोट्या उत्तरावर विसंबून दिलेले पाणी हे अंदाजाने दिलेल्या पाण्याहून वाईट. बाजारात ओल मोजण्याची तयार उपकरणे पुष्कळ मिळतात. ती घेणाऱ्यानेही आधी हे छोटे सर्किट एकदा हाताने जुळवावे, म्हणजे विक्रेत्यास कोणते प्रश्न विचारावयाचे हे त्यास आपोआप सुचेल.

खेड्यात हे होईल काय

शेतकऱ्याच्या मुलास हे जमेल काय अशी शंका घेणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळकडे पाहावे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला आणि खेड्यातील मुलांस प्रत्यक्ष काम करता करता तंत्रविद्या शिकविण्याचा परिपाठ घातला. अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या विद्यापीठाच्या साहाय्याने २००२ साली तेथे फॅब लॅबही निघाली. शाळेत मागे पडलेली मुलेही हातांनी शिकू लागली की पुढे सरतात, ही त्या आश्रमाच्या कार्यामागील श्रद्धा होती.

आमच्या जिल्ह्यास तर ह्या विद्येचे विशेष अगत्य असावे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. परस्परांशी काटकोन करणाऱ्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब राहावयाच्या आहेत. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रथम टिपली. आमच्या सरीच्या टोकाचा दिवा आणि ती वेधशाळा ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे उघड आहे. तथापि डोळ्यास न दिसणारा सूक्ष्म फरक विजेच्या खुणेत उतरवावयाचा, हे दोहोंचे काम एकाच जातीचे. त्या वेधशाळेच्या कुंपणाबाहेर आमच्या मुलांनी केवळ पाहुण्यांस वाट दाखवीत उभे राहावे, की आत जाऊन यंत्रांस हात लावण्याच्या योग्यतेस यावे, हे पुष्कळ अंशी आज त्यांच्या हाती काय देतो ह्यावर अवलंबून राहील.

म्हणून आमची सूचना अशी, की प्रत्येक गावातील एखाद्या शिक्षकाने व दोन-चार होतकरू मुलांनी येत्या रब्बीच्या पाळ्या सुरू होण्यापूर्वी हे सर्किट बोर्डावर जुळवून पाहावे. हळदीची वा हरभऱ्याची एक सरी प्रयोगासाठी निवडावी. दिवा लागला ती वेळ, पंप बंद केला ती वेळ, आणि सकाळी पाणी प्रत्यक्षात कोठवर गेले ते वहीत मांडावे. चार पाळ्यांच्या अशा नोंदी झाल्या म्हणजे त्या रानास खरोखर किती वेळ पाणी लागते हे प्रथमच आकड्यांत कळेल. त्या आकड्यांनी विहिरीतील पाणी वाचेल, कंदकुजीचा धोका कमी होईल, आणि रात्री अंधारात सरीतून हिंडणारा घरचा माणूस बांधावर बसून दिव्याची वाट पाहू शकेल. एवढे साधले तरी दोन-तीनशे रुपयांचे चीज झाले असे समजावे.